जुनं कार्ड बंद केलं तर सिबिल बिघडतं का?

मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाची बैठक चालू होती. हप्त्यांचा हिशेब झाला, चहा आला, आणि एका ताईंनी पिशवीतून एक क्रेडिट कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाल्या, "ताई, हे चार वर्षांपासून पडून आहे. बंद करायचंय. पण पोरगा म्हणतो, जुनं कार्ड बंद केलं की सिबिल पडतं. मग शिलाई मशिनचं कर्ज मिळणार नाही. खरं आहे का?"

बैठकीतल्या आणखी तिघींनी मान हलवली. म्हणजे प्रश्न एकटीचा नव्हता. म्हणून आजचं बोलणं त्याच्यावरच.

आधी माझी स्वतःची चूक सांगते. लग्नाआधी मी पुण्यात नोकरी करत होते. तेव्हा एका बँकेचं क्रेडिट कार्ड घेतलं होतं, २५,००० रुपये मर्यादेचं. लग्न झालं, गावाकडे आले, मोबाइलचा नंबर बदलला, पत्ता बदलला. कार्ड लागेनासं झालं. एक दिवस कात्रीने त्याचे दोन तुकडे केले आणि चुलीत टाकले. मला वाटलं, झालं, कार्ड बंद.

कार्ड जळालं होतं, खातं चालूच होतं. दरवर्षी वार्षिक फी लागत होती. ती भरली नाही म्हणून उशिराचा दंड लागला, दंडावर व्याज, त्यावर कर. बिलं जुन्या पत्त्यावर जात होती, मेसेज जुन्या नंबरवर. काही वर्षांनी मी मसाला कांडप यंत्रासाठी कर्ज मागायला गेले, तेव्हा साहेबांनी संगणकाकडे बघून विचारलं, "मॅडम, तुमच्या नावावर थकबाकी आहे. माहीत नाही का?" जानेवारी महिना होता. हे सगळं निस्तरेपर्यंत मे संपला. उन्हाळी मसाल्याचा अख्खा हंगाम हातचा गेला. चारशे-पाचशे रुपयांच्या फीपायी.

तेव्हापासून मी हा विषय नीट समजून घेतला. तो तुमच्या भाषेत सांगते.

सिबिल म्हणजे काय?

आपल्या गटात वहीखातं असतं. कोणत्या ताईने किती कर्ज घेतलं, हप्ता वेळेवर भरला की चुकवला, सगळं तिच्या पानावर लिहिलेलं असतं. नवीन कर्ज मागितलं की आपण आधी ते पान उघडतो. देशपातळीवर असंच वहीखातं ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. सिबिल सगळ्यांत जुनी, म्हणून आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो. बँका, फायनान्सवाले, कार्ड देणारे, सगळे आपली माहिती या कंपन्यांना देतात. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जायची. २०२५ च्या जानेवारीपासून ती किमान दर पंधरवड्याला द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम झाला.

या माहितीवरून ३०० ते ९०० मध्ये एक आकडा काढतात. तोच स्कोअर. आकडा जितका जास्त, तितका बँकेला भरवसा जास्त.

आकड्यात सगळ्यांत जास्त वजन असतं ते वेळेवर परतफेडीला. त्यानंतर, मिळालेल्या मर्यादेतलं किती वापरता. मग खाती किती जुनी आहेत, कोणत्या प्रकारची कर्जं आहेत, आणि थोड्या दिवसांत किती ठिकाणी कर्ज मागितलं.

मग कार्ड बंद केल्यावर काय होतं?

दोन गोष्टी होऊ शकतात.

पहिली, वापराचं प्रमाण. समजा एका ताईंकडे दोन कार्डं आहेत. जुन्याची मर्यादा ४०,००० आणि नव्याची १०,०००. दोन्ही मिळून ५०,०००. त्या महिन्याला ८,००० रुपयांचा किराणा आणि औषधं कार्डावर घेतात. म्हणजे ५०,००० पैकी ८,०००, शंभरात १६. ठीक आहे. आता त्यांनी जुनं कार्ड बंद केलं. खर्च तेवढाच, ८,०००. पण मर्यादा उरली फक्त १०,०००. म्हणजे शंभरात ८०. बघणाऱ्याला वाटतं, या बाईची ओढाताण चाललेली दिसते. स्कोअर खाली येतो. शक्यतो शंभरात ३० च्या आत वापर ठेवावा, असं जाणकार सांगतात.

पण याच्यावर उपाय सोपा आहे. खर्च कमी केला, की पुढच्या नोंदीत प्रमाण सुधारतं. आणि दुसरं कार्ड तुम्ही वापरतच नसाल, त्याच्यावर काही बाकीच नसेल, तर या मुद्द्याची फारशी काळजी नाही.

दुसरी, खात्याचं वय. जुनं, वेळेवर भरलेलं खातं म्हणजे चांगल्या वागणुकीचा पुरावा. ते बंद केलं की पुरावा गेला, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. आपल्या गटातली एखादी ताई कर्ज फेडून मोकळी झाली, तर आपण तिचं पान फाडतो का? नाही. पान वहीत राहतं, खाली 'खाते बंद' लिहितो. इथंही तसंच. या कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं जपायची असते. म्हणून चांगलं फेडलेलं खातं बंद झाल्यावरही तुमच्या बाजूने बोलत राहतं. फक्त ते तुमचं एकमेव खातं असेल, तर पुढे नवी नोंद पडणं थांबतं.

म्हणजे थोडक्यात उत्तर असं. रीतसर बंद केलेल्या कार्डाने स्कोअर थोडा हलू शकतो, पण तो सावरतो. अर्धवट सोडलेल्या कार्डाने मात्र माझ्यासारखी गत होते.

कधी ठेवावं, कधी बंद करावं?

कार्डाला वार्षिक फी नसेल, ते तुमचं सगळ्यांत जुनं खातं असेल आणि हात आवरत असेल, तर ठेवा. दोन-चार महिन्यांतून एखादं छोटं बिल त्यावर भरा आणि पूर्ण रक्कम मुदतीच्या आत फेडा. येत्या काही महिन्यांत घराचं किंवा धंद्याचं मोठं कर्ज घ्यायचं असेल, तर कर्ज हातात पडेपर्यंत कार्ड बंद करायची घाई करू नका.

पण वापर नसताना फी जात असेल, तर बंद करा. कार्ड दिसलं की खर्च होत असेल, तर बंद करा. आणि तिसरी गोष्ट जरा मोठ्याने सांगते. कार्ड तुमच्या नावावर आणि वापरणारा दुसराच असेल, दीर असो, भाचा असो, शेजारी असो, तर लवकरात लवकर बाकी भरून घ्या आणि ते बंद करा. बिल त्याने चुकवलं तरी वहीत नाव तुमचंच लागतं. "माझ्या नावावर आहे पण मी नाही वापरलं" हे बँक ऐकत नाही. इथं नात्यात वाईटपणा येईल, मला माहीत आहे. पण उद्या मुलीच्या शिक्षणाचं कर्ज अडलं, तर तेव्हा कोण येणार आहे?

बंद करायचं तर कसं?

कात्रीने नाही. पायरीपायरीने.

एक. कार्डावर चालू असलेले हप्ते आणि आपोआप कापली जाणारी बिलं बघा. मोबाइलचं रिचार्ज, विमा, काही असेल ते आधी काढून घ्या.

दोन. शेवटची संपूर्ण बाकी विचारा आणि पैसान्‌पैसा भरा. वीस रुपये राहिले तरी खातं बंद होत नाही, आणि त्या वीस रुपयांवर दंड चढतो.

तीन. बंद करण्याची विनंती करा. फोनवर, ईमेलवर, वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर करता येते. पोस्टानेच अर्ज पाठवा, असा हट्ट बँकेला धरता येत नाही. विनंतीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा, तारखेसकट.

चार. बाकी काही नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं. उशीर केला तर खातं बंद होईपर्यंत दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०२२ पासून आहे. तो सांगितला की समोरचा माणूस जरा नीट बोलतो, हा माझा अनुभव.

पाच. ना-देय दाखला लेखी घ्या. तो रेशनकार्डाइतका जपून ठेवा.

सहा. दीड-दोन महिन्यांनी आपला अहवाल काढून बघा, खातं 'बंद' दिसतंय का.

'तडजोड' या शब्दापासून सावध

थकबाकी असली की वसुलीवाल्याचा फोन येतो. "सात हजार आहेत ना, तीन हजार भरा, मिटवून टाकू." ऐकायला गोड वाटतं. पण असं कमी पैशांत मिटवलेलं खातं अहवालात 'बंद' दिसत नाही. तिथं 'सेटल्ड' असं लिहिलं जातं. त्याचा अर्थ, या व्यक्तीने पूर्ण पैसे फेडले नाहीत. पुढचा कर्ज देणारा तो शब्द वाचून हात आखडता घेतो. मलाही असाच फोन आला होता. मी नाही म्हटलं. बँकेला लेखी अर्ज केला, बिलं मला मिळालीच नाहीत हे सांगितलं, दंडाची रक्कम कमी करायची विनंती केली. त्यांनी दंड रद्द केला. उरलेलं सगळं मी भरलं आणि खातं पूर्ण फेडून बंद, असं लेखी घेतलं. वेळ लागला, पण शिक्का चुकीचा लागला नाही. खरंच ऐपत नसेल आणि तडजोडीशिवाय मार्ग नसेल, तर ती करा, पण काय लिहिलं जाणार आहे ते माहीत असू द्या.

अहवाल फुकट मिळतो

चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, स्कोअरसकट. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन मोबाइलवर काढता येतो. आपणच आपला अहवाल बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती मनातून काढून टाका.

अहवालात आपलं नाव, पत्ता, मोबाइल नंबर बरोबर आहे का ते बघा. आपण न घेतलेलं कर्ज दिसतंय का, फेडलेलं कर्ज अजून चालू दिसतंय का, ते बघा. चूक असेल तर त्या कंपनीकडे आणि बँकेकडेही तक्रार करा. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

आणि "दोन हजार द्या, सिबिल दुरुस्त करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. चुकीची नोंद दुरुस्त होते, ती फुकट होते. खरी नोंद कोणी पुसू शकत नाही. असल्या माणसाला ओटीपी तर मुळीच सांगू नका.

हे फक्त कार्डापुरतं नाही

काही ताया म्हणतील, आमच्याकडे कुठलं आलंय क्रेडिट कार्ड. पण मायक्रोफायनान्सचं कर्ज आहे ना? सोनेतारण आहे? हप्त्यावर घेतलेला मोबाइल आहे? किसान क्रेडिट कार्ड हे नेहमीचं क्रेडिट कार्ड नव्हे, ते पीककर्जाचं खातं. पण त्याचीही नोंद होते. गटामार्फत मिळणाऱ्या बँक कर्जातली सदस्यांची माहितीसुद्धा या कंपन्यांकडे द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्येच बँकांना सांगितलं आहे. म्हणून प्रत्येक कर्जाला हाच नियम लावा. शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपलं नाही. दाखला हातात आला आणि अहवालात 'बंद' दिसलं, की संपलं.

त्या पिशवीतल्या कार्डाचं काय झालं, ते सांगते. ताईंच्या मोबाइलवरून बँकेला फोन लावला. वार्षिक फीची ५९० रुपये बाकी निघाली. शिलाई मशिनच्या कर्जाचा अर्ज अजून द्यायचा होता, म्हणून आधी ती बाकी भरली, मग बंद करायची विनंती केली. आठवड्याभरात बंद झाल्याचा मेसेज आला. त्यांनी तो मला वाचून दाखवला, आणि मगच कात्री मागितली.

तुमच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. पंचसूत्रीचं वाचन झालं की प्रत्येकीला विचारा, तुझ्या नावावर कुठं कुठं खातं आहे? ज्यांना आठवणार नाही, त्यांचा अहवाल तिथंच मोबाइलवर काढा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. माझा एक हंगाम गेला, तुमचा जाऊ नये.