काळ्या पडद्यावरची ती ओळ

बटण दाबलं, पंखा घरघरला, आणि काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटली: ‘नो बूटेबल डिव्हाइस’. पोटात गोळा येतो. फोटो, हिशेब, अर्धवट प्रबंध, सगळं गेलं! पण जरा थांबा. डिस्कवरून काही सुरू झालेलं नाही, विंडोज झोपलेलंच आहे. मग ही ओळ लिहिली कोणी?

मदरबोर्डवरच्या एका चिमुकल्या चिपने. वीज मिळते तेव्हा इंटेल-एएमडी घराण्यातल्या प्रोसेसरला डिस्क नावाची वस्तू असते हेसुद्धा ठाऊक नसतं. परंपरेने त्याला एकच पत्ता पाठ असतो: ४ जीबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडचा. तिथे त्या चिपमधला कायमचा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, भेटतो. १६ बाइटांत मावणार काय? ‘अमुक ठिकाणी जा’ एवढीच आज्ञा. तिथून पुढे रॅम जागी होते, पडदा उजळतो आणि मग कुठे डिस्कचा शोध सुरू होतो. म्हणजे ती भयंकर ओळ दिसली, तर प्रोसेसर, रॅम आणि पडदा शाबूत आहेत. निम्मा तपास तिनेच करून दिला!

जुन्या पद्धतीत डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचला जातो. त्याच्या शेवटी ५५ आणि एए हे दोन बाइट हवेत. सुटे करून पाहिले तर ०१०१०१०१ १०१०१०१०. ही जोडी पुसली गेली, तर डिस्क माहितीने भरलेली असली तरी बहुतेक मशिनं तिच्यावरून सुरू व्हायला नकार देतात. पार्टिशनचा तक्ता ६४ बाइट खातो; प्रोग्रामला उरतात ४४६. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे काना-मात्रा धरून दीडशे चिन्हंही बसणार नाहीत एवढ्या जागेतून अख्खं विंडोज उठायचं! नव्या यूईएफआय पद्धतीत एका छोट्या पार्टिशनमधली फाइल हे काम करते, पण नाजूकपणा तोच.

म्हणूनच दुकानदार ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणाला की त्याचा हात धरावा. बिघडलेला असतो बऱ्याचदा फक्त हा उंबरठा.

आधी ऐका. फिरती हार्ड डिस्क टक्-टक् करत असेल तर मशीन तत्काळ बंद. तिच्या आतल्या चकतीवरून वाचणारं टोक काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. ते घासलं की प्रत्येक फेरीत माहिती खरवडली जाते. तिथे घरगुती उपाय नकोतच.

आवाज नसेल तर अडकलेला पेन ड्राइव्ह काढा (हे कारण हास्यास्पद वाटतं, पण असतं) आणि फर्मवेअरचा सेटअप उघडा. त्यासाठी मशीन सुरू होताना दाबायची कळ बहुधा एफ२ किंवा डिलीट. डिस्कचं नाव दिसतंय? मग बूटचा क्रम पाहा. तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपला असावा. त्याच्यासोबत सेटिंगही मूळपदावर जाऊ शकते, आणि डिस्कशी बोलायची पद्धत बदलली तर विंडोज अडू शकतं. काहीही बदलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. विंडोजचं डिस्क-कुलूप, म्हणजे बिटलॉकर, लावलेलं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधून ठेवा; सेटिंग हलली की ती मागितली जाऊ शकते.

नावच दिसत नसेल तर प्लग काढून, मगच डिस्कची केबल नीट बसवा. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर झटका देऊ शकतात.

नाव दिसूनही सुरू होत नसेल, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवा, डिस्क ‘फक्त वाचा’ पद्धतीने जोडा आणि फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. दुरुस्तीच्या आज्ञा त्यानंतर, कारण त्या डिस्कवर लिहितात. पार्टिशनचा तक्ताच बिघडला असेल आणि डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची असेल, तर आणखी एक आशा आहे: त्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या पार शेवटच्या टोकाला ठेवलेली असते.