शब्द अडतो तेव्हा...

बालमित्रांनो, सतराचा पाढा न चुकता येतो का तुम्हांला? माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाला यायचा. म्हणजे सगळ्या वर्गाबरोबर म्हणताना यायचा. ‘सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस...’ त्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत! प्रार्थनेतही तसाच. पण एकट्याला उभं केलं, की ‘स-स-स...’ आणि गाडी तिथेच अडायची. मान ताठ, डोळे घट्ट मिटलेले, ओठ थरथरताहेत आणि शब्द काही बाहेर येत नाही.

वर्ग हसायचा. आणि खरं सांगते, मीही चुकले. मला वाटलं, सगळ्यांबरोबर पाढा येतो आणि एकट्याला येत नाही, म्हणजे हा ढोंग करतोय! हजेरी घेतानाही त्याच्या तोंडून ‘हजर’ निघायचं नाही, तो नुसता हात वर करायचा. एकदा मी वैतागून म्हणाले, “तोंड नाही का रे तुला?” सगळी मुलं खो-खो हसली. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. मग आठवड्यातून दोन दिवस, मग तीन दिवस... हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत गेल्या.

हुशार मुलगा होता तो. एका शब्दापायी त्याची शाळा सुटायच्या बेताला आली होती.

शाळेत आलेली गाडी

त्याच सुमारास आमच्या शाळेत आरोग्य तपासणीची गाडी आली. तुमच्याही शाळेत येत असेल. ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ असं तिच्यावर लिहिलेलं असतं. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, आणि तोही आपल्या महाराष्ट्रात, पालघरला. त्यातलं पथक अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांमध्ये वर्षातून एकदा येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं. आपल्याला वाटतं, हे लोक वजन, उंची, दात नि डोळे बघून जातात. पण मूल नीट ऐकतं का, वयाप्रमाणे बोलतं का, हेसुद्धा ते पाहतात.

डॉक्टरांनी आमच्या मुलाला नाव विचारलं. शब्द अडला. मी नाव सांगायला पुढे झाले, तर डॉक्टरांनी हातानंच मला थांबवलं. ते काहीच बोलले नाहीत. घड्याळाकडे बघितलं नाही, की “सांग, सांग” म्हणाले नाहीत. शांतपणे त्याच्या तोंडाकडे बघत थांबले. अर्धं मिनिट गेलं असेल. आणि त्यानं आपलं नाव सांगितलं!

सहा महिन्यांत मी त्याला तेवढं अर्धं मिनिट एकदाही दिलं नव्हतं.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. जिल्हा रुग्णालयात लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, सगळे त्याला ‘डीईआयसी’ म्हणतात. तिथल्या स्पीच थेरपिस्टना, म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञांना, भेटायचं होतं. त्याचे वडील रोजंदारीवर जाणारे. त्यांच्याबरोबर मीही एसटीनं गेले.

आरशासमोरची शाळा

खोलीत शिरलो तर दवाखान्यासारखं काहीच नव्हतं! भिंतीवर मोठा आरसा, खाली सतरंजी, चित्रांची कार्डं, खेळण्यांची टोपली. थेरपिस्ट मॅडम सतरंजीवरच बसल्या होत्या.

वडिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, “मॅडम, ह्याची जीभ जड हाय का वो? म्हातारीनं वेखंड उगाळून चाटवलं, नवस बोलली...”

“बाबा, जीभ अगदी छान आहे त्याची,” मॅडम म्हणाल्या. “अडचण जिभेत नाही. बोलताना मेंदू छाती, गळा, जीभ, ओठ या सगळ्यांना एकामागून एक हुकूम देत असतो. त्या हुकमांची वेळ जमावी लागते. ती क्षणभर चुकते आणि शब्द अडतो. कधी घराण्यातही हे असतं. त्यात त्याची चूक नाही आणि तुमचीही नाही.”

मी पाढ्यांचं कोडं सांगितलं. त्या हसल्या. “तोतरं बोलणारी बहुतेक माणसं गाताना किंवा सगळ्यांबरोबर म्हणताना अडत नाहीत. तिथे ताल बाहेरून मिळतो ना! एकट्यानं बोलताना तो आपला आपण धरावा लागतो. म्हणून ते ढोंग नव्हे, बाई.”

मी खाली मान घातली.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. लहानपणी शंभरातली साधारण पाच मुलं काही काळ तरी अडखळत बोलतात. त्यांतल्या बऱ्याच जणांचं अडखळणं पुढे आपोआप थांबतं. पण काहींचं थांबत नाही, आणि त्यात मुलींपेक्षा मुलगे जास्त असतात. भीतीमुळे तोतरेपणा सुरू होत नाही, पण भीतीनं तो वाढतो. लोक हसले की वाढतो, घाई केली की वाढतो. मग मूल अवघड शब्द टाळतं, पुढे बोलणंच टाळतं, आणि शेवटी शाळाही टाळतं. आमच्या वर्गात अगदी हेच झालं होतं.

तोंडाचा नकाशा

बाहेर बाकावर नंबर लावून बसलेली माणसं पाहून मला नवल वाटलं. इतकी वेगवेगळी माणसं एकाच मॅडमकडे?

एक चार वर्षांची मुलगी ‘काका’ला ‘ताता’ म्हणत होती. मुलांनो, आपली वर्णमाला आठवा. क, ख, ग हे कंठ्य, म्हणजे जीभ मागे घशाजवळ टेकते. त, थ, द हे दंत्य, तिथे जीभ पुढे दातांना टेकते. प, फ, ब ओठांचे. म्हणजे वर्णमाला हा तोंडाचा नकाशाच आहे! त्या मुलीची जीभ मागे जाण्याऐवजी पुढे जात होती. मॅडम तिला आरशात दाखवून ‘क’चं घर शोधायला शिकवत होत्या.

दुसरं बाळ टाळू दुभंगलेलं जन्मलं होतं. शस्त्रक्रिया होऊन टाळू जोडली, तरी त्याची हवा अजून नाकातून निसटायची. आता एक गंमत करा. नाक चिमटीत धरा आणि ‘पापा’ म्हणा. आलं ना? आता ‘मामा’ म्हणा. नाही जमत! कारण ‘म’ची हवा नाकातून जाते. या बाळाची मात्र ‘प’ची हवाही नाकातून जायची. मॅडम त्याच्या नाकाखाली छोटा आरसा धरायच्या आणि त्यावर वाफ उमटते का ते बघायच्या.

एका मुलीच्या कानामागे यंत्र होतं. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. शस्त्रक्रिया करून कानाच्या आत जे उपकरण बसवतात, त्याला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात. ते फार महाग असतं, पण केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून पात्र असलेल्या लहान मुलांना ते मिळू शकतं. मात्र उपकरण बसवलं म्हणजे झालं नाही हं! ते फक्त आवाज पोचवतं. हा आवाज कुकरच्या शिट्टीचा, हा आईच्या हाकेचा, हे शिकवायला पुढे कित्येक महिने, कधी कधी वर्षं लागतात. आणि मूल जितकं लहान, तितकं ते लवकर शिकतं.

आणि कोपऱ्यात एक आजोबा होते. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. समोर पेला दिसे, तहान कळे, पण ‘पाणी’ हा शब्दच सापडेना. याला वाचाघात म्हणतात. बहुतेक माणसांमध्ये भाषेचं काम मेंदूचा डावा भाग पाहतो. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी, फक्त ‘तान’ एवढंच बोलू शकणाऱ्या एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. डाव्या बाजूचा पुढचा भाग बिघडलेला होता. बोलण्याची मेंदूतली जागा शोधण्यातलं ते मोठं पाऊल ठरलं. आजोबांना ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं, पण मॅडमनी आरतीचा ताल धरला तसे शब्द सुरेल बाहेर पडले. पुन्हा तोच ताल!

अशा आजारात गिळायलाही त्रास होतो. अन्ननलिका आणि श्वासनलिका शेजारी-शेजारी. घोट चुकून श्वासनलिकेत गेला, तर छातीचं दुखणं होऊ शकतं. काय खायचं, किती पातळ नि किती घट्ट, कसं बसून गिळायचं, हेसुद्धा थेरपिस्टच ठरवून देतात.

राजालाही अडत होतं!

तुम्हांला वाटेल, हे दुखणं गरिबांचं किंवा भित्र्यांचं. मुळीच नाही. १९२५ साली लंडनजवळच्या वेम्ब्ले इथे इंग्लंडच्या राजपुत्रानं भाषण केलं आणि तो इतका अडखळला, की ऐकणारेही कासावीस झाले. पुढच्या वर्षी तो लायोनेल लोग या ऑस्ट्रेलियातून आलेल्या वाचा-उपचारकाकडे जाऊ लागला. १९३६ साली तोच सहावा जॉर्ज या नावानं राजा झाला. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झालं तेव्हा त्याला रेडिओवरून सगळ्या साम्राज्याशी बोलायचं होतं. तेव्हाही लोग त्याच्या शेजारीच उभे होते. राजाचं अडखळणं जादूसारखं नाहीसं झालं नव्हतं. तो सराव करायचा, थांबायचा, आणि बोलायचा.

राजाला लोग मिळाले. पण रोजंदारीवरच्या बापाच्या मुलाला कोण मिळणार? तो प्रश्न एकट्या थेरपिस्टला सुटत नाही. त्याला कायदा लागतो, योजना लागते.

वहीतला एक रकाना

आपल्या देशात अपंगांसाठी १९९५ साली कायदा झाला, त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. ऐकू न येणं त्यात होतं, पण बोलण्याच्या आणि भाषेच्या अडचणीला वेगळी जागा नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले आणि त्यांत ‘वाचा व भाषा दिव्यांगता’ हे नाव स्वतंत्रपणे लिहिलं गेलं. वाचाघातानं कायमची वाचा गेलेली माणसं, आजारामुळे स्वरयंत्र काढावं लागलेली माणसं आता कायद्याला दिसू लागली. आमच्या मुलाला त्या प्रमाणपत्राची गरज पडली नाही. पण त्याच्यापर्यंत गाडी आली, ती सरकारी कार्यक्रमामुळेच.

मॅडमच्या टेबलावर एक वही होती. प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक रकाना: ‘कितव्या वर्षी आलं?’ मी पाहिलं, तर कोणी सहाव्या, कोणी आठव्या, कोणी अकराव्या वर्षी.

“ऐकू न येणारं मूल दोन वर्षांचं असताना आलं तर मी खूप करू शकते,” त्या म्हणाल्या. “आठव्या वर्षी आलं तर मीही हळहळते. म्हणून हा रकाना मी दर महिन्याला वर कळवते. अंगणवाडी ताईंना शिकवायला जाते. इथे आणखी माणूस का हवा, ते आकडे दाखवून मागते. नुसता आरसा भिंतीवर टांगून काय उपयोग? समोर बसणारं कोणी हवं ना!”

उपचार खोलीत होतात, पण त्या खोलीपर्यंतची वाट अशा वह्यांतून तयार होते.

मोठ्या दोस्तांसाठी सांगते, हे काम तुम्हीही शिकू शकता. बारावी विज्ञाननंतर साधारण चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असतो, त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्र्याची १९८३ साली सुरू झालेली अली यावर जंग संस्था या त्यातल्या नामवंत संस्था. आणि मराठी मुलांशी मराठीतून बोलणारे थेरपिस्ट खेड्यापाड्यांत फार हवे आहेत.

‘हजर!’

निघताना मॅडमनी मलाच गृहपाठ दिला. त्याला “सावकाश बोल”, “श्वास घे” म्हणायचं नाही. त्याचा शब्द आपण पूर्ण करायचा नाही. त्याच्याकडे बघत थांबायचं. आणि तो कसा बोलला त्यापेक्षा काय बोलला, त्याला उत्तर द्यायचं.

मी वर्गाला सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली, आणि त्याची सगळ्यांदेखत माफी मागितली. मग आम्ही एक नियम केला: ज्याचं वाक्य चालू आहे, त्याचं ते संपेपर्यंत कोणी मध्ये बोलायचं नाही. नियम सगळ्यांना, बाईंनासुद्धा!

तो अजूनही अडखळतो. पंधरा दिवसांनी वडिलांबरोबर जिल्ह्याला जातो. अडलेला शब्द जोर लावून ढकलायचा नाही, हलकेच सुरू करायचा, असं तिथे शिकतो. परवा हजेरी घेताना त्याचं नाव आलं. तो उठला. ‘ह...’ अडलं. पुन्हा ‘ह... ह...’ पस्तीस मुलं शांत बसली होती. खिडकीबाहेरच्या चिमण्यांचा आवाज ऐकू येत होता.

“हजर, बाई.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी पटावर खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.