कामाची सीमा, मनाची तल्लीनता

कापसाच्या हंगामात मानवत किंवा सेलूच्या बाजार समितीत लिलाव सुरू झाला की खरेदीदाराला एका गाडीपाशी फार वेळ थांबता येत नाही. तेवढ्या अवधीत तो गाडीत खोलवर हात घालून मूठभर कापूस काढतो, दाबून ओलावा जोखतो, सरकीपासून तंतू ओढून त्याची लांबी पाहतो, कवडी आणि पाला किती आहे हे न्याहाळतो आणि बोली बोलतो. भोवती गलका चाललेला असतो, पण त्याचे चित्त विचलित होत नाही. 100 क्विंटल कापसात रुईच्या उताऱ्याचा अंदाज एका टक्क्याने चुकला, तर एक क्विंटल रुईचा फरक पडतो. एवढा व्यवहार त्या काही क्षणांच्या एकाग्रतेवर उभा असतो.

तोच व्यापारी सायंकाळी हिशेब लिहायला बसला की चित्र पालटते. दोन नोंदी होतात न होतात तोच हात मोबाईलकडे जातो. मध्येच उद्याच्या भावाचा विचार येतो, नावेची रक्कम जमेच्या बाजूला पडते आणि अर्ध्या तासाच्या कामाला रात्र होते. माणूस तोच आणि बुद्धीही तीच असते. मग सकाळची तल्लीनता सायंकाळी कोठे जाते?

कामात देहभान हरपण्याच्या या अवस्थेचा अभ्यास मिहाय चिक्सेंतमिहायी या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे केला. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लो’ या ग्रंथात त्यांनी तिची लक्षणे सविस्तर मांडली. त्यांच्या मते ही अवस्था यायला काही गोष्टी पोषक ठरतात. काय साधायचे आहे ते स्पष्ट असावे. केलेले बरोबर की चूक याचे उत्तर लगेच मिळावे. आणि काम आपल्या कौशल्याला पुरेपूर जोखणारे असावे. फार सोपे असेल तर मन कंटाळते, फार अवघड असेल तर धास्तावते. लिलावात या तिन्ही गोष्टी आयत्याच जुळून येतात. सायंकाळच्या हिशेबात त्या जुळवून आणाव्या लागतात.

याचे उदाहरण शोधायला परभणी जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. गोदावरीकाठचे गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. परंपरेनुसार लहानपणीच त्या पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे संत नामदेवांच्या घरी आल्या आणि तेथेच त्यांचे आयुष्य सेवेत गेले. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे ही त्यांची नित्याची कामे. त्यांना निवांत खोली नव्हती की स्वतःचा म्हणावा असा वेळ नव्हता. तरीही त्यांच्या नावावरील शेकडो अभंग मराठीने जपले आणि त्यांत जाते व दळण पुन्हा पुन्हा येते.

जात्याचे काम पाहिले तर यात नवल वाटू नये. मुठीने घातलेली वैरण जास्त झाली की पीठ जाडे येते, हाताची लय बिघडली की खुंटा जड होतो. जाते आपले उत्तर तत्क्षणी देते. सुपातले धान्य संपले की दळणही संपते. जनाबाईंची भक्ती असामान्य होतीच; पण फुरसत मिळाल्यावर मन लावू, अशी वाट तिने पाहिली नाही. ती चालू कामाच्या लयीतच रुजली.

व्यापारी घरांतील रोजकीर्दीची जुनी शिस्त या जात्यासारखीच होती. दिवस संपताना वहीतील शिल्लक आणि गल्ल्यातील रोकड जुळलीच पाहिजे, असा दंडक असे. जुळली की मन मोकळे, न जुळली तर चूक आजच्याच नोंदींत शोधायची. संगणकाने बेरजा सोप्या केल्या, परंतु मेळ महिनाअखेरीवर ढकलण्याची सवयही अनेक ठिकाणी रुजली. तीस दिवसांनी मिळणाऱ्या उत्तरावर मन टिकत नाही. यंत्र कोणतेही असो, मेळ रोजचा रोज घेतला की हिशेबातही गोडी येते.

दुकानात दार लावून बसता येत नाही, ही अडचण मात्र खरी. ग्राहक मध्येच येणार आणि त्याला पूर्ण लक्ष मिळणे हा त्याचा हक्कच आहे. सोफी लेरॉय यांनी 2009 साली दाखवून दिले की अपुरे सोडलेले काम मनाचा एक अंश अडकवून ठेवते आणि पुढच्या कामाला उरलेलेच मन मिळते. 2018 साली थेरेसा ग्लोम यांच्यासह केलेल्या संशोधनात त्यांनी त्यावर सोपा उपाय तपासला. उठण्यापूर्वी आपण कोठे थांबलो आणि परतल्यावर प्रथम काय करायचे, हे थोडक्यात लिहून ठेवावे. वहीत ठेवलेली दोन ओळींची चिठ्ठी मनाला त्या कामातून मोकळे करते, आणि समोरच्या ग्राहकाकडे पूर्ण लक्ष देता येते.

जैन परंपरेने मनाची ही मर्यादा फार पूर्वी ओळखली. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आचार्य उमास्वामींनी चित्त एकाच विषयावर स्थिर करण्याला ध्यान म्हटले आणि त्याचा अवधी अंतर्मुहूर्ताचा, म्हणजे 48 मिनिटांच्या आतला सांगितला. सामायिकाचा प्रचलित काळही दोन घटिकांचा, 48 मिनिटांचाच. मोबाईल दूर ठेवून एवढाच काळ हिशेबाला दिला तर बहुतेक दुकानांचा दिवसाचा मेळ त्यात बसू शकेल. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरांना तर दिवसाची एक ठरलेली रेषा आधीच लाभली आहे. हिशेब तिच्या अलीकडे की पलीकडे, एवढेच ठरवायचे असते.

त्याच अध्यायात आणखी एक मोलाचा भेद आहे. ध्यानाचे चार प्रकार सांगताना धर्म आणि शुक्ल यांच्याबरोबर आर्त आणि रौद्र हेही ध्यानच मानले आहेत. प्रिय ते हातचे जाईल, अप्रिय ते समोर येईल, या काळजीत रुतलेले चित्तही एकाग्रच असते. गोदामात माल पडून आहे आणि भाव उतरतो आहे, अशा रात्री ताटावर बसलेला व्यापारी मुलाचा प्रश्न ऐकत नाही. त्याची एकाग्रता कमी पडत नसते. ती भलत्या ठिकाणी गुंतलेली असते. कामाला शेवट असतो, दळण सरते, कीर्द जुळते. चिंतेला मात्र शेवट नसतो. भाव उतरल्यावर माल विकायचा की राखायचा, याचा निर्णय वेळ ठरवून, आकडे समोर ठेवून घेता येतो. तो लिहून वही मिटली की ते त्या दिवसाचे काम झाले. त्यानंतरचा वेळ घराचा असतो, आणि मुलाच्या प्रश्नालाही तेच लक्ष हवे असते जे सकाळी कापसाच्या एका मुठीला मिळाले होते.