घरचा पेपर बंद झाला, पण जमिनीची नोटीस अजून पेपरातच येते!

जालना : बदनापूर असो की मंठा, गावात पेपर आता मोबाईलवरच वाचतात, तोही कात्रणापुरता. ग्रुपवर बातमीचा फोटो येतो आणि पुढं जातो. आतल्या पानावरची बारीक अक्षरातली जाहीर नोटीस मात्र कुणी पाठवत नाही.

मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण'. बाळशास्त्री जांभेकरांनी ते 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत काढलं. अर्धा मजकूर मराठी, अर्धा इंग्रजी. इंग्रजी मुलखात 1867 मध्ये कायदा आला आणि कोणी छापलं, कुठं छापलं, हे पेपरवर टाकणं सक्तीचं झालं. 1 मार्च 2024 पासून त्याच्या जागी नवा कायदा लागू झाला आहे.

आपल्याकडं गोष्ट वेगळी होती. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात आणि निजामाच्या राज्यात. तिथं सरकारविरुद्ध छापणं म्हणजे बंदी ओढवून घेणं. 1938 मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक सुरू केलं. निजाम सरकारनं त्यावर बंदी घातली. वाघमारे मागं हटले नाहीत. नाव बदलून पेपर काढला, तोही बंद झाला की आणखी वेगळं नाव. वाचकाला मात्र पेपर कुणाचा, हे बरोबर कळायचं! 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला. पुढं हाच 'मराठवाडा' अनंत भालेराव यांच्या संपादकपदाखाली औरंगाबादेतून निघू लागला. जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1981 ला.

आता नोटीसकडं येऊ. छापलेली तारीख मागाहून बदलता येत नाही, म्हणून सरकार आणि वकील आजही पेपरच धरतात. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. ग्रामपंचायत आणि तहसीलमध्येही ती लागते. हरकतीला 60 दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात फक्त 21. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" हे कारण तिथं सहसा चालत नाही.

खासगी खरेदीआधी वकील देतात ती नोटीस वेगळी. तिच्यातली मुदत वकीलच ठरवतो, बऱ्याचदा आठ-पंधरा दिवस. ती चुकली म्हणून भावाचा किंवा बहिणीचा हक्क आपोआप जात नाही. पण एकदा खरेदीखत झालं की दिवाणी कोर्टाच्या चकरा सुरू होतात, आणि त्या वर्षानुवर्षं चालतात.

म्हणून ग्रुपवर नोटीसचा फोटो आला तर पूर्ण पान मागा. वर पेपरचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. बऱ्याच दैनिकांच्या ई-पेपरवर मागच्या तारखेचा अंकही उघडतो. तिथं आपला गट नंबर आणि गावाचं नाव सातबाराशी ताडून बघा. जुळलं तर हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.