कर्करोगासह चालणारा संसार

कर्करोग हा शब्द कानी पडला की घरातील माणसांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘आता किती दिवस?’ हाच. परंतु कर्करोगाच्या काही प्रकारांत हा प्रश्न आज दिवसांचा राहिला नसून वर्षांचा झाला आहे. रक्ताच्या कर्करोगांपैकी ‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’ हा त्यांतीलच एक होय. त्याची माहिती प्रत्येक कुटुंबाला असणे इष्ट आहे.

या रोगाचा उगम अस्थिमज्जेत होतो व रक्तातील पांढऱ्या पेशी बेसुमार वाढू लागतात. थकवा येतो, वजन घटते, पाणथरी वाढल्यामुळे डाव्या बरगड्यांखाली जडपणा वाटतो. कित्येकदा तर काहीच त्रास होत नसतो आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत रोग उघडकीस येतो. पाश्चात्य देशांच्या मानाने आपल्याकडे तो कमी वयात आढळतो. म्हणजे ज्यांच्या खांद्यावर संसाराचा भार, त्यांनाच तो बहुधा गाठतो.

१९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पीटर नॉवेल व डेव्हिड हंगरफोर्ड या संशोधकांना अशा रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. ९ व २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलल्यामुळे हे घडते, असे १९७३ साली जॅनेट राउली या विदुषीने दाखवून दिले. या अदलाबदलीतून एक विकृत प्रथिन निर्माण होते आणि ते पेशींना वाढीचा हुकूम अहोरात्र देत राहते. त्याला आवर घालणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत मान्य झाले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीच्या निष्कर्षानुसार, या औषधाने उपचार आरंभलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण १० वर्षांनंतरही हयात राहतात.

औषध निघाले, तरी ते सामान्य माणसाच्या हाती पडावयास हवे. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च एके काळी लाखाच्या वर होता. भारतीय कंपन्यांच्या गोळ्या ८ ते १० हजार रुपयांत मिळत. औषधाच्या नव्या स्फटिकरूपावर पेटंट मागणारा नोव्हार्टिस कंपनीचा दावा १ एप्रिल २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. असंख्य घरांच्या चुली त्या निर्णयाने शाबूत राहिल्या.

आता रुग्णाचे काम कोणते? वरकरणी ते सोपे आहे : रोज ठरल्या वेळी जेवणाबरोबर भरपूर पाणी पिऊन गोळी घेणे. पण हे काम वर्षानुवर्षे करावयाचे असते. चार-सहा महिन्यांत अंगी शक्ती येते, आणि ‘आता बरे वाटते, मग औषध कशाला?’ असा विचार मनात डोकावतो. धोका नेमका येथेच आहे. दहांपैकी एकाहून अधिक गोळ्या चुकवणाऱ्यांत रोग पुरेसा दबत नाही, असे लंडनमधील एका अभ्यासात २०१० साली आढळले. पाय वळणे, डोळ्यांभोवती सूज, मळमळ असे त्रास होतात. ते डॉक्टरांना सांगावेत, गोळी आपल्या मनाने सोडू नये. काही निवडक रुग्णांना पुढे औषध थांबवता येते, पण ते कडक देखरेखीखालीच. मूल हवे असलेल्या स्त्रियांनी तर आधीच सल्ला घ्यावा.

‘उत्तम उपचार’ म्हणजे सर्वांत महागडे रुग्णालय नव्हे. निदान अचूक व्हावे, रक्तातील रोगाचा अंश मोजणारी ‘पीसीआर’ तपासणी आरंभी दर तीन महिन्यांनी व्हावी, आणि गुण येत नसल्यास वेळेवर औषध बदलावे, या तीन गोष्टी जेथे होतात तेथे उत्तम उपचार होतो. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून, तर चेन्नईतील अड्यार येथील कर्करोग संस्था १९५४ पासून हे कार्य करीत आहे. २०१२ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशभरातील अनेक रुग्णालये एका सूत्रात गुंफली गेली आहेत. म्हणून इंदूर, हैदराबाद वा बडोदे येथील कुटुंबाने आपल्या जवळच्या केंद्राची चौकशी प्रथम करावी. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात पहिल्याचा अवमान होत नाही. सर्व अहवाल तारीखवार एका फाइलीत ठेवावेत आणि विचारावयाचे प्रश्न घरूनच लिहून न्यावेत. समाजसेवा विभागात मदतीच्या योजनांची माहिती अवश्य विचारावी.

एक गैरसमज मात्र घराघरांतून जावयास हवा. हा रोग स्पर्शाने लागत नाही, आणि आईबापांकडून मुलांकडेही जात नाही. तरीही मुलींची लग्ने अडतील या भयाने कित्येक घरी तो लपविला जातो. मग गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, पाहुणे आले की त्या चुकतात, आणि लपवाछपवीची किंमत रुग्ण प्राणाने मोजतो. मधुमेहाची गोळी जशी जेवणाच्या ताटाशेजारी उघडपणे ठेवली जाते, तशी हीही ठेवली जावी. ‘गोळी घेतलीस का?’ एवढे विचारणारे माणूस घरात असणे, हा देखील उपचाराचाच एक भाग आहे.