नकाशा वाचणारी आपली माणसे कुठे आहेत?

मुंबई शहर उभे करण्यात आपल्या समाजाचा घाम आहे. पण मुंबईच्या नकाशावर आपला हात कधीच फिरला नाही. १८९६ साली प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि कोणती वस्ती पाडायची, कोणती चाळ बांधायची हे साहेबांनी ठरवले. पुढे १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. वरळी १२१, नायगाव ४२, ना. म. जोशी मार्ग ३२ आणि शिवडी १२ अशा एकूण २०७ इमारती. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक. गिरणी कामगाराला झोपण्यापुरती जागा मिळाली म्हणजे झाले, हाच त्यामागचा हिशेब होता.

त्या कोंडवाड्यात आपल्या माणसांनी चळवळ उभी केली. मधल्या व्हरांड्यात मुलांनी अभ्यास केला, मैदानात जयंती साजरी झाली, बुद्धवंदना झाली. १९७४ साली वरळीच्या याच चाळींत दलित पँथरच्या तरुणांनी दंगलीला तोंड दिले. हा इतिहास भिंतींनी घडवला नाही, माणसांनी घडवला. पण तो घडायला व्हरांडा आणि मैदान लागले, हेही तितकेच खरे.

आज या चाळी पाडल्या जात आहेत. २०१७ मध्ये भूमिपूजन झाले, म्हाडाकडे काम आले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर मालकी हक्काचे आहे. चार पिढ्यांनी १६० फुटांत दिवस काढल्यावर हे घर म्हणजे कुणाचे उपकार नव्हेत. तो हक्कच आहे. त्याचे आम्ही स्वागत करतो. शिवडीच्या चाळी मात्र बंदराच्या जमिनीवर असल्याने मागे राहिल्या, त्यांचे काय हा प्रश्न विचारत राहिलेच पाहिजे.

परंतु चौरस फूट मोजून घराचा प्रश्न संपतो काय? ४० मजली इमारतीत लिफ्ट बंद पडली तर म्हातारीने काय करायचे? देखभालीचा खर्च पेन्शनीत बसणार का? बसला नाही तर घर विकून कुटुंब शहराबाहेर जाणार; मग हक्क कागदावर राहील आणि वस्ती दुसऱ्याची होईल. विहार कुठे, वाचनालय कुठे, जयंतीचे मैदान कुठे? आम्ही वकिली करतो. आमच्याकडे लोक येतात ते करारनाम्यावर सही झाल्यावर. घर कुणाचे, याचे उत्तर कायद्यात शोधता येते. घर कसे, याचे उत्तर नकाशातच ठरून गेलेले असते. विकास नियंत्रण नियमावलीत बीडीडी चाळींसाठी ३३(९)(ब) अशी स्वतंत्र तरतूद आहे. ती वाचून चटई क्षेत्राचा हिशेब रहिवाशांना मराठीत समजावून सांगणारे आपल्यात किती आहेत?

म्हणून गृहरचना आणि शहरांतील बदल या विषयांच्या पदव्युत्तर शिक्षणाकडे आपल्या तरुणांनी वळले पाहिजे. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासात गृहनिर्माण ही वेगळी शाखा आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात हा विषय शिकवला जातो. मुंबईतच टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शहर धोरणाचे शिक्षण मिळते. हे काही फक्त वास्तुविशारदांचे क्षेत्र नाही. नियोजनाच्या अभ्यासाला स्थापत्य अभियंते येतात, भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र शिकलेलेही येतात. परदेशात शिकायचे असेल तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर व्हा, असे आपण मुलांना सांगतो. शहर आखणारे व्हा, असे कोण सांगतो?

बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत राहिले आणि कोलंबियात जाऊन अर्थशास्त्र शिकले. चाळीतल्या खोलीत पुस्तके मावेनात, तेव्हा दादरला त्यांनी राजगृह बांधले, ते ग्रंथांसाठी जागा ठेवून. घराची रचना माणसाला घडवते, हे त्यांनी कृतीतून दाखवले.

शिकणाऱ्या मुलांनी प्रबंधासाठी दूरचा विषय शोधू नये. आपलीच चाळ, आपलीच झोपडपट्टी मोजावी. कोण कुठे बसते, बायका पाणी कुठे भरतात, मुले कुठे शिकतात, याची नोंद इमारत पाडण्यापूर्वी करावी. रहिवासी समित्यांनी नकाशा मंजूर होण्याआधी मागावा आणि या मुलांकडून वाचून घ्यावा. सही त्यानंतर. आरक्षणाने आपण कचेरीत पोहोचलो. आता कचेरीच्या ज्या टेबलावर आपल्या वस्तीचा नकाशा पसरला जातो, त्या टेबलापाशी आपला शिकलेला माणूस उभा राहिला पाहिजे.