बी.ए. म्हणजे उरलेली वाट नव्हे



बारावीचा निकाल लागला की आपल्या भागात घरोघरी एकच हिशेब मांडला जातो. गुण चांगले असले तर इंजिनिअरिंग. कमी पडले तर आय.टी.आय. करून बुटीबोरीच्या एम.आय.डी.सी.त; आणि तेही जमले नाही तर "टाका बी.ए.ला". मुलगी असली तर लग्न जमेपर्यंत बी.ए. "बी.ए. करून काय भेटते बाप्पा?" हा प्रश्न पारावर नेहमीच ऐकू येतो. त्याचे सरळ उत्तर असे की, नुसत्या बी.ए.ने फारसे भेटत नाही. पण विषय पारखून आणि पुढची पायरी ठरवून केलेल्या बी.ए.ने पुष्कळ काही साधते.

आपल्या चळवळीचेच उदाहरण घ्या. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात प्रवरेकाठी लोणीला झाली. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवले आणि 1950 साली कारखान्याचे चाक फिरले. त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले आणि त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झालेले धनंजयराव गाडगीळ हे इंजिनिअर नव्हते. ते अर्थशास्त्राचे अभ्यासक होते. त्यांचे शालेय शिक्षण नागपुरात झाले, पुढचे केंब्रिजला. उसाचा मालक शेतकरी आणि कारखान्याचा मालकही शेतकरीच, ही गोष्ट व्यवहारात कशी बसवायची, याचा विचार त्यांनी केला. अर्थशास्त्र हा कला शाखेचाच विषय आहे, हे आपण विसरतो.

दुसरे उदाहरण तर आपल्या शिवारालगतचे आहे. बुटीबोरीजवळच्या टाकळघाट व खापा येथे 1968-69 साली नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास विभागाने डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. शिळावर्तुळांखाली लोखंडी हत्यारे आणि घोड्याचा साज निघाला. अडीच हजार वर्षांपूर्वी इथला माणूस लोखंड वापरत होता आणि घोडा बाळगत होता, हे त्यातून कळले. ज्या दगडांना वळसा घालून आपण वखर नेतो, ते वाचायला शिकवणारा विषयही बी.ए.चाच.

विषय कोणते, पुढे काय?

नागपूर विद्यापीठात मराठी, इंग्रजी, हिंदी, संस्कृत, पाली या भाषा आहेत. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र, गृहअर्थशास्त्र, संगीत हेही विषय आहेत. प्रत्येक कॉलेजात सगळे मिळत नाहीत, म्हणून आधी विषयांची यादी पाहावी आणि मग कॉलेज ठरवावे. बस सोयीची म्हणून कॉलेज आणि कॉलेजात आहे म्हणून विषय, असा उलटा व्यवहार बहुतेक घरांत होतो. पुढे तीन वर्षे पोरगं न आवडणारा विषय ओढत राहते.

स्पर्धा परीक्षांकडे कल असेल तर इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल व अर्थशास्त्र उपयोगी पडतात. एम.पी.एस.सी.च्या राज्यसेवेच्या बहुतेक पदांना, तसेच तलाठी व बँक अधिकारी पदांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. वकिली करायची तर पदवीनंतर तीन वर्षांचे एलएल.बी.; बारावीनंतर थेट पाच वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घेणाऱ्यास समाजकार्य व समुपदेशनाकडे जाता येते. भाषा घेणाऱ्यास अध्यापन, वृत्तपत्र आणि भाषांतराची कामे आहेत. ग्रंथालयशास्त्राची पदवी बी.ए.नंतर एका वर्षात होते.

शिक्षकीबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. बी.ए., मग बी.एड., मग नोकरी, हे गणित आता सरळ राहिलेले नाही. पहिली ते आठवीसाठी टी.ई.टी. पास व्हावे लागते, आणि भरती निघेपर्यंत वाट पाहावी लागते. शिकवण्याची खरी आवड असेल तरच त्या वाटेला जावे.

नवी रचना

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवी पद्धत आली. एक मुख्य विषय, त्याच्या जोडीला दुसरा दुय्यम विषय आणि काही कौशल्याचे भाग, अशी तिची मांडणी आहे. तीन वर्षांनी पदवी मिळते, चौथे वर्ष केले तर ऑनर्स. घरच्या अडचणीने मध्येच थांबावे लागले तर ठरलेल्या अटी पूर्ण करून एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेता येते. मिळवलेले श्रेयांक खात्यावर जमा राहतात आणि मुदतीत परत येऊन पुढचे शिक्षण घेता येते. लग्नामुळे किंवा वडिलांच्या आजारपणामुळे ज्यांचे शिक्षण तुटते, अशा आपल्या मुलींसाठी ही सोय मोलाची आहे.

ज्यांना रोज नागपूरला जाणे शक्य नाही, किंवा जे एम.आय.डी.सी.त पाळीवर कामाला जातात, त्यांच्यासाठी 1989 साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. घरी राहून, काम सांभाळून तेथे बी.ए. करता येते. संस्कृतची आवड असेल तर रामटेकला कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आणि हिंदीसाठी वर्ध्याला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. दोन्ही 1997 सालची. लांब जायची गरज नाही.

अर्ज भरण्याआधी

लागणीआधी आपण जमीन पाहतो, पाणी पाहतो, मगच बेणे निवडतो. शेजाऱ्याने लावले म्हणून तेच बेणे आपल्या रानात येईलच असे नाही. मुलांच्या बाबतीत एवढा विचार आपण करतो का? अर्ज भरण्याआधी एक संध्याकाळ काढून मुलामुलीला समोर बसवा आणि तीन प्रश्न विचारा. कोणता विषय न सांगता वाचतोस? त्या विषयाने पुढे कुठे जायचे? ती परीक्षा किंवा तो अभ्यासक्रम नेमका काय मागतो? उत्तरे आली नाहीत तरी हरकत नाही. मात्र ती शोधायला मुलासोबत स्वतः कॉलेजात जा. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात, त्यांची मुदत व कागदपत्रेही त्याच फेरीत विचारून घ्या.

उद्या आपल्या कारखान्याचा वार्षिक अहवाल वाचून सभेत उभे राहून प्रश्न विचारणारा, उपविधी समजून घेणारा, सभासदांच्या वतीने नीट लिहिणारा तरुण आपल्याला हवाच आहे. तो कला शाखेतूनही येईल. त्याला "उरलेला" म्हणून तिकडे ढकलू नका, निवडून पाठवा.